दिवाणांचा विडा

संस्थानचे दिवाण त्र्यंबकराव यांनी बाजारातल्या गोरगरिबांसाठी नवी चाळ बांधली; पण चोर शिरतील म्हणून एकाही खोलीला खिडकी ठेवली नाही. पावसाळ्यात घरोघर खोकला शिरला. लोक गाऱ्हाणं घेऊन आले, तर दिवाण गरजले, "घरानं कधी माणूस आजारी पडतो का? तुम्हीच घाणेरडे!"

दसऱ्याच्या दरबारात राजांनी विडा मागितला. मथुरा तांबोळिणीने आणलेला डबा दिवाणांनी ऐटीत उघडला. पानं काळी, चिकट, वर बुरशी.

"मथुरे!" दिवाण ओरडले. "कोंडून ठेवलं की पान सडतं, एवढंही कळत नाही तुला?"

"कळतं की, सरकार. म्हणून तर रोज ओट्यावर वाऱ्याला ठेवते. ह्या डब्यातली पानं तेवढी दोन दिवस आत ठेवली, तुम्ही बांधलेल्या खोलीत."

दिवाणांनी डबा बाजूला ढकलला.

"पानं दोनच दिवस होती," मथुरा म्हणाली. "माझी बाळंतीण सून लेकरासकट पावसाळाभर तिथंच आहे."

राजांनी डबा दिवाणांपुढे सरकवला.

"घरोघर खिडकी होईपर्यंत, दिवाणजी, तुमचा विडा ह्याच पानांचा."