सायाळीची हिरवळ

खुळखुळ, खुळखुळ. मुलांनो, मी लहान असताना आमच्या घरामागच्या रानातून संध्याकाळी असा आवाज येई. सुकलेल्या शेंगा कुणी हळूच हलवाव्यात, तसा. सायाळ चालू लागली की तिचे काटे एकमेकांवर वाजतात, त्याचा तो आवाज. तो ऐकला की वडील म्हणत, "सायाळ कामाला लागली. आता नाताळ येणार." तिची गोष्ट त्यांनीच मला सांगितली.

त्या रानातले प्राणी दरवर्षी नाताळ साजरा करत. बाळ येशू गोठ्यात, जनावरांच्या सोबतीत जन्मला. म्हणजे हा सण आधी आपला आणि मग माणसांचा, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रत्येक जण आपल्या दाराशी एक छोटा गोठा उभारी. गोठा म्हटला की त्यात हिरवळ हवी. पण त्या दिवसांत रानातलं गवत वाळून पिवळं पडलेलं असे. गावातली माणसं त्यासाठी करवंट्यांत माती भरून नाचणी पेरत आणि तिची कोवळी रोपं गोठ्यात मांडत. सायाळीने हे कुंपणाआडून पाहून ठेवलं होतं.

ही सायाळ करवंदीच्या जाळीखाली राहत असे. पाय आखूड, चाल मंद. सुगी संपताच तिने शेतात सांडलेले नाचणीचे दाणे वेचले. मग रोज एकच काम. एक दिवस गोठ्यासाठी काटक्या आणल्या, एक दिवस जाळीखालची जागा झाडली, एक दिवस वाळलेल्या पानांचा मऊ थर पसरला. नाचणी फार लवकर पेरली तर नाताळापर्यंत पिवळी पडते आणि उशिरा पेरली तर नुसती माती दिसते. म्हणून दाणे हाताशी असूनही ती थांबली आणि वेळ झाल्यावरच तिने गावाबाहेर टाकलेल्या करवंट्या आणून त्यांत पेरणी केली. ओढ्याचं पाणी ती तोंडातून आणी आणि थोडं थोडं शिंपी. दिवसाचं काम झालं की दाराशी निवांत बसे. मला त्या बसण्याचं फार कौतुक वाटतं.

शेजारच्या जांभळीवर एक वानर राहत असे. मोठा चपळ. त्याला ही सगळी धडपड पाहून हसू येई. एकदा त्याने फांदीवरूनच विचारलं, "काय काकी, नाताळ पळून चाललाय का?"

"नाताळ कुठला पळतोय, बाबा," सायाळ म्हणाली. "मलाच पळता येत नाही. म्हणून मी लवकर निघते."

नाताळच्या आदल्या दिवशी मात्र वानराची तारांबळ उडाली. गोठ्यावर टांगायच्या चांदणीसाठी वाकवलेली काठी मोडली. दुसरी आणली, तीही मोडली. पोरं मध्ये आली म्हणून त्याने त्यांना ओरडून लांब बसवलं. आता हिरवळ कुठून आणायची? रानात फक्त ओढ्याकाठी थोडं हिरवं गवत उरलं होतं. त्याने धावत जाऊन ते सगळं उपटून आणलं.

दिवस मावळायला एक हरिणी लंगडत आली. तिचे दिवस भरले होते. गावच्या कुत्र्यांनी तिला शेतातून पळवून लावलं होतं, आणि ओढ्याकाठी चरायला गेली तर तिथे एक काडी नव्हती. जांभळीखाली गवताचा भारा दिसला, तशी ती थबकली. रात्रीपुरती जागा आणि दोन घास मिळाले तर बरं होईल, असं ती हळूच म्हणाली. वानराचे दोन्ही हात काठीत अडकले होते.

"आज नको, बाई," तो मान वर न करता म्हणाला. "हे गवत गोठ्यासाठी आहे. उद्या ये."

हरिणी पुढे निघाली. करवंदीच्या जाळीशी सायाळ नेहमीसारखी बसली होती. तिची सगळी कामं उरकली होती. तिने काही विचारलं नाही. हरिणीला काटा लागू नये म्हणून ती अंग आवळून बाजूला सरली आणि गोठ्यातला पानांचा थर तिला मोकळा करून दिला. मग तिने करवंट्यांकडे एकदा पाहिलं. नाचणी बोटभर उंच आणि पोपटी झाली होती. ती बघायला उद्या सगळं रान येणार होतं. सायाळीने नाकाने एक करवंटी पुढे सरकवली, मग दुसरी, मग उरलेल्या सगळ्या.

"खा," ती म्हणाली. "नाचणी काय, पुन्हा पेरता येते."

सकाळी गावातल्या चर्चची घंटा वाजली आणि प्राणी एकमेकांचे गोठे पाहत हिंडू लागले. वानराचं गवत रात्रीतच मान टाकून पडलं होतं. त्यातल्या त्यात बरं दिसणारं मूठभर दाखवायला हातात घेऊन तो सायाळीच्या दाराशी आला. पाहतो तर सगळ्या करवंट्यांत नुसती माती. त्याला मोठी गंमत वाटली.

"काय काकी, एवढे दिवस काय मातीच वाढवलीत?" असं तो म्हणाला आणि गोठ्यात डोकावला.

पानांच्या थरावर एक ओलं पाडस उभं राहायला शिकत होतं. त्याला चाटता चाटता हरिणीने मान वर केली आणि वानराकडे पाहिलं. सायाळ दाराशी होती.

वानराने हातातलं गवत हरिणीपुढे ठेवलं. मग तो वळला आणि निघून गेला.

तात्पर्य : वेळेआधी केलेल्या तयारीने सण तर नीट होतोच, पण ऐन वेळी कोणी दाराशी आलं, तर त्याच्यासाठी आपले हात मोकळे असतात.