उभ्या तपस्व्याची मांडी

फार पूर्वी एका नदीकाठच्या टेकडीवर एक तपस्वी राहत होता. राहत होता म्हणजे उभा होता. गुरूंच्या आज्ञेने त्याने व्रत घेतलं होतं, की एक तपभर बसायचं नाही आणि आडवंही व्हायचं नाही. वडाच्या फांदीला दोरांनी एक फळी टांगली होती. डुलकी आली की तिच्यावर छाती टेकायची, जाग आली की पुन्हा जप. पाय सुजून खांबासारखे झाले होते, गुडघे वाकणंच विसरले होते, तरी कपाळावर कधी आठी दिसली नाही. आपण तासभर कीर्तनाला उभे राहिलो तरी टेकायला भिंत शोधतो. हा माणूस खरोखर मोठा होता.

व्रत मध्येच मोडलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, असा नियम होता.

टेकडीखालची एक म्हातारी गवळण त्याला रोज दूध आणून द्यायची. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच गेला होता. दूध देताना ती एकच गोष्ट बोलायची.

"महाराज, देवाकडं माझं एवढंच मागणं आहे. मरताना डोकं कुणाच्या तरी मांडीवर असावं. पण माझं आहे कोण?"

दूध पिऊन तपस्वी पुन्हा जपाला लागे.

व्रताचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी गुरू येऊन त्याला आसनावर बसवणार होते. पायथ्याशी मांडव पडला, आसनाला झेंडूच्या माळा लागल्या. तप जणू गावानेच केलं होतं, अशा थाटात मंडळी सकाळपासून मिरवत होती.

तेवढ्यात म्हातारी टेकडी चढून आली आणि लोटी खाली ठेवता ठेवता कोसळली. तिला धाप लागली होती. तपस्व्याने खाली हाका मारल्या, पण तिथे ढोल वाजत होते.

तो तिच्याकडे वाकू लागलेला पाहून म्हातारी पुटपुटली, "बसू नका महाराज. संध्याकाळपर्यंत कळ काढा. एवढ्या वर्षांचं मातीत जाईल."

पुन्हा पहिल्यापासून, या विचाराने तपस्व्याने एकदा पायथ्याशी सजलेल्या आसनाकडे पाहिलं. मग दोर धरून तो हळूहळू खाली बसला. गुडघे वाकताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि कमंडलूतलं पाणी तिच्या ओठांना लावलं.

"नीज आता, आई," तो म्हणाला.

म्हातारी समाधानाने हसली आणि तिने डोळे मिटले. दुपार कलली तेव्हा तिचा श्वास थांबला. तोवर तो तसूभरही हलला नव्हता.

संध्याकाळी गुरू गावकऱ्यांसह वर आले. तपस्वी बसलेला पाहून ढोल बंद पडले. "एक दिवस कळ काढवली नाही याला," कुणीतरी कुजबुजलं.

तपस्व्याने हात जोडले. "गुरुदेव, व्रत मोडलं. उद्यापासून पुन्हा उभा राहतो."

गुरूंनी मांडीवरच्या म्हातारीकडे पाहिलं. "गुडघे दुखले?"

"उभ्याने कधी दुखले नव्हते इतके."

"मग पाय का नाही सोडलेस?"

"हिची झोप मोडली असती."

गुरू मागे वळले. ते गावकऱ्यांना म्हणाले, "आसन वर आणा. माझा शिष्य जिथे बसायला हवा होता तिथेच बसला आहे. याचं व्रत पूर्ण झालं."

आसन आलं. त्यावरच्या माळा गुरूंनी स्वतः सोडवल्या आणि म्हातारीच्या अंगावर घातल्या.

तात्पर्य: सोसण्याचं बळ तपाने येतं, आणि ते दुसऱ्यासाठी कामी आलं की तप पूर्ण होतं.