सॉरीचे वजन

एका राज्यात एका शब्दाच्या वापरून वापरून चिंध्या केल्या गेल्या, आणि ज्यांनी केल्या ते अजूनही ताठ मानेने हिंडतात.

शब्द परदेशी होता. जहाजातून आला होता: सॉरी. त्याआधी रीत अशी होती, की ज्याने दुखावले त्याने दुखावलेल्याच्या उंबऱ्याबाहेर बसायचे, आणि घरच्यांनी पाणी दिले की उठायचे. सॉरी आला आणि बसणे संपले. लोक चालता चालताच म्हणू लागले.

राजा मेघवर्म्याच्या रथाखाली सगुणा कोष्टिणीचा हात चिरडला. राजा रथातूनच म्हणाला, "सॉरी." त्या क्षणापासून राज्यात कोणाचीच जखम भरेना. पोरांचे खरचटलेले गुडघेसुद्धा वर्षभर ओलेच राहिले. सगुणाचा माग बंद पडला.

सगळे उपाय करून थकलेला राजा मांत्रिकाकडे गेला.

"पोकळ शब्दांचा खजिना तुमच्या शब्दाने ओसंडला," मांत्रिक म्हणाला. "त्याचा हा शाप. शब्दाचे मूळ विचारा. तुमचा शब्द शोधा. जिचा आहे तिला पोचवा."

बंदरावर परदेशी जहाजांमागून आलेला एक म्हातारा कुरव पक्षी राहत असे. राजाने त्याला मूळ विचारले.

"मुळाशी दुखणे आहे," पक्षी म्हणाला. "ठणकणारी जखम. ज्याचे स्वतःचे काही ठणकते, त्याने म्हणायचा तो शब्द. तुमचे काय दुखत होते?"

"काही नाही."

"मग तुम्ही नुसता आवाज केलात."

पोकळ शब्दांचा खजिना डोंगरातल्या एका गुहेत होता. आजवर म्हटलेले सगळे सॉरी, कोंड्यासारखे. तीन महिने उपसल्यावर राजाला आपला सापडला. फुंकरीने उडेल इतका हलका.

तो घेऊन राजा पायी निघाला. वाटेत त्याला सगुणाची बोटे आठवली. मग किंचाळण्याआधी तिने घेतलेला श्वास आठवला. शब्द जड होत गेला. शेवटच्या कोसाला तो दोन्ही हातांनी पेलवेना, आणि राजाचा उजवा हात मनगटापासून ठणकू लागला.

त्याने शब्द तिच्या उंबऱ्यावर ठेवला आणि बाहेर बसला.

"बसा," सगुणा आतून म्हणाली. "मीही वर्षभर बसूनच आहे."

सातव्या दिवशी तिच्या जखमेवर खपली धरली. गावभर गुडघ्यांवर खपल्या धरल्या. ती दारात येऊन बोटे हलवून पाहत राहिली.

"पाणी दे गं आता त्याला," शेजारची यमुनाकाकू कुंपणावरून म्हणाली. "आणि उठल्यावर अंगण झाडायला सांग. सूत वाळत घालायचंय."