नाडी लागत नाही

"पण ही घोडी माजावर आलीय की हे दुखणं आहे, चाचा?"

मी तिसऱ्यांदा विचारलं.

गफूरचाचा नालबंद कुंपणाशी उकिडवे बसले होते. पाचगणीच्या पठारावरच्या घोड्यांच्या पायांशी त्यांनी साठ वर्षं काढली होती. मी चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं.

माझी घोडी कस्तुरी बावीस वर्षांची. पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरवून थकली, तेव्हा मी तिला घरी आणली. गेल्या वर्षी तिच्या पुढच्या खुरांत आतून दाह झाला. अठरा दिवस ती आडवी होती. "पुन्हा झालं तर वाचवता येणार नाही," असं डॉक्टर म्हणाले होते.

आता तीन दिवस ती चारा टाकत होती. सारखा पाय बदलत होती. जवळ गेलं की कान मागे पाडत होती.

मी वही उघडली. "सकाळी सहा वाजता उजवा पाय उचलला. सहा वाजून दहा मिनिटांनी लघवी. साडेसहाला पुन्हा..."

"लई लिवलंय," चाचा म्हणाले. "घोडीनं वाचलं का?"

"चाचा, माज असेल तर तिला चालवायला हवं. खुरांचं असेल तर एक पाऊलही टाकू द्यायचं नाही. आणि दोन्हींची लक्षणं मला सारखीच दिसतात. मी चुकलो तर..."

"तर?"

"तर ती जाईल."

चाचांनी विचारलं,

"पायाला हात लावला का?"

"डॉक्टर लावतात."

"तुमी?"

"मला काय कळणार? आणि चुकीचं कळलं तर?"

चाचा उठले. माझं मनगट धरून मला कस्तुरीपाशी नेलं आणि खाली बसवलं. तिथे ओली लीद होती. मी तिच्यातच बसलो.

"हितं. खुराच्या वर, मागच्या अंगाला. दाबू नका. नुसती बोटं ठेवा."

मी बोटं ठेवली. कस्तुरीचा श्वास माझ्या टकलावर येत होता.

"लागती का नाडी?"

मी बोटं थोडी वर घेतली. मग खाली. मग बाजूला...

"चाचा, नाडी लागत नाही!"

हे शब्द मी आयुष्यात एकदाच ऐकले होते, माझ्या बायकोच्या, इंदुमतीच्या उशाशी.

"दुसरा पाय बघा."

"इथेही लागत नाही. मला जमत नाही हे. तुम्हीच बघा ना."

चाचा हसत होते.

"माणसाची लागली न्हाई तर रडायचं, सर. घोडीच्या खुरापाशी लागली न्हाई तर साखर वाटायची. दुखणं असतं तर हितं घण पडल्यागत ठोके आले असते. खूर कसं लागतंय?"

मी तळहात ठेवला. "गार."

"मग माज हाय. पाच-सहा दिसांत उतरंल."

"पण तुम्ही एकदा स्वतः हात लावून..."

"का? तुमची बोटं खोटं बोलत्यात?"

चाचांनी दावं सोडून माझ्या हातात दिलं.

"मऊ मातीवरनं सावकाश फिरवा. वाळकं गवत भिजवून द्या. अन् साखर शेजाऱ्यापाजाऱ्यांना. हिला न्हाई, गोड खुरांत उतरतं."

मी तांबड्या मातीवर पाऊल टाकलं. मागे वळून बघायची हिंमत होत नव्हती. दावं सैल राहिलं. कस्तुरी येत होती. दहा पावलं, वीस पावलं, सरळ, न लंगडता. रस्त्याने कुणाचा तरी घोडा गेला, तशी ती एखाद्या पोरीसारखी खिंकाळली.

"बघा म्हातारीचं!" चाचा ओरडले.

मला हसू आलं आणि डोळेही भरले. फेरी पुरी करून मी दावं खुंटीला अडकवलं, चाचांपाशी आलो आणि त्यांच्या पायांशी वाकलो.

त्यांनी झटकन पाय मागे घेतले.

"नको, सर. घोडीवानी माझे पाय तपासाल, तर तापलेले लागतील."