वाळूचं पोतं

बायकोचे गुडघे धरले, मागं बसवेना, तेव्हा मिरजेच्या ढवळेकाकांनी जुन्या मोटारसायकलला साइडकार जोडून घेतली. बायको गेली आणि काकांनी गाडी विकायला काढली.

गिऱ्हाईक म्हणून आले ते बिल्डर सरनोबत. साइडकारमध्ये वाळूचं पोतं बघून ते गरजले, "हे कशाला?"

"साइडकार रिकामी असली की डाव्या वळणावर तिचं चाक वर उचलतं."

"म्हणजे गाडीत खोट! निम्म्या किमतीत द्या."

काकांनी पोतं उतरवलं. "बसा."

सरनोबतांना शेजारी घेऊन काकांनी किल्ल्याला फेरी मारली, मुद्दाम डाव्या वळणांची. चाक तसूभरही उचललं नाही.

"खोट गाडीत नाही, साहेब," काका म्हणाले. "गाडीत माणूस नाही."

सरनोबतांनी पूर्ण पैसे दिले.

पोतं मात्र काकांनी ठेवून घेतलं.