आवडाईची वांग्याची रोपं

एक होतं गाव. राजाही होता, पण तो लांब राहायचा. त्याचं आज आपल्याला काम नाही. गावात राहायची आवडाई आणि तिची म्हातारी सासू. गावाचा देव खंडोबा. चंपाषष्ठीला त्याच्यापुढं वांग्याचं भरीत आणि बाजरीचा जाड रोडगा ठेवायचा मान त्यांच्या घरचा. तो नैवेद्य झाला, की मगच गावानं वांगं खायचं, असा नेम, बरं का.

एकदा काय झालं, नदीला पूर आला. मळे गेले, बियाण्यांची मडकी गेली. वांग्याचं बी उरलं ते फक्त आवडाईच्या देवघरातल्या पुरचुंडीत. किती? तीन चिमटी! ते गेलं, की गावातून वांगंच गेलं, आणि देवाचं ताट रितं.

आवडाईनं देवाला हात जोडले. पहिली चिमूट परसात पेरली. पण पाऊस असा, की वाफाच वाहून गेला.

मग सासू म्हणाली, "अगं, नवरात्रात घरात घट बसवतेस ना? तसंच बसव की हे बी."

आवडाईला पटलं. परडीत माती घेऊन दुसरी चिमूट पेरली. परडी ठेवली देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. रोज पाणी घाली, हळदकुंकू वाही. कोंब आले, अगदी घटासारखे. उंच उंच आणि पिवळेधमक! सासूसुना हरखल्या. मग एक दिवस बघतात तर काय, सगळे कोंब आडवे. बाळांच्या अंगात बळच नव्हतं.

उरली शेवटची चिमूट. आवडाई रडू लागली. तेवढ्यात खिडकीच्या फटीतून कोवळं ऊन आत आलं. म्हणालं, "मला न बोलावताच बारसं उरकलंस, ताई? मी मामा ना त्यांचा?"

"चुकलं रे दादा, ये," आवडाई म्हणाली. तिनं शेवटची चिमूट परडीत पेरली आणि परडी खिडकीत ठेवली. या वेळी कोंब आले बुटके, जाड, हिरवेगार.

मग दारावर थाप पडली. "धाकटा मामा आलाय. वारा!"

"तू नको रे बाबा. मोडशील पोरांना."

"आज नुसती फुंकर घालतो. उद्या जरा हलवतो. मामानं दंगा केल्याशिवाय भाचरं थोराड होतात का?"

सासू हसली. "खरं बोलतोय मेला. काढ गं बाहेर." मग परडी आधी ओसरीवर, नंतर अंगणात. रोज थोडा जास्त वेळ. रोपं डुलली, वाकली, आणि ताठ झाली.

मग पाऊस उघडला. ओली भुई हळूच म्हणाली, "पाय आखडलेत लेकरांचे. आता मावशीकडं धाड."

आवडाईचा जीव होईना. पण तिनं देवाचं नाव घेतलं आणि संध्याकाळी एकेक रोप मुळाच्या मातीसकट वाफ्यात लावलं. सकाळी बघते तर सगळ्यांनी माना टाकलेल्या!

"गेलं हो, आत्याबाई!"

"गप गं. सासरी आलेली पोर पहिल्या दिवशी पोटभर जेवते का? तू तर पाणीसुद्धा प्यायली नव्हतीस."

आणि खरंच, दोन दिवसांनी रोपांनी माना वर केल्या.

चंपाषष्ठीला झाडं जांभळ्या वांग्यांनी वाकली. चुलीत वांगी भाजली, भरीत झालं, देवाचं ताट भरलं. काही वांगी आवडाईनं झाडावरच पिकू दिली, आणि घरोघर बी वाटलं. गावानं पोटभर भरीत खाल्लं.

खंडोबानं आवडाईची हाक ऐकली, तशी साऱ्यांची ऐको. चला, पांघरूण घ्या. मिटा डोळे.