गार डिस्क

गाड्या आवाज न करता घाट उतरायला लागल्या, तेव्हाची ही गोष्ट.

घाटमाथ्यावर राहणाऱ्या द्वारकेच्या विजेच्या गाडीत ब्रेकची एक लोखंडी डिस्क होती. शेजारच्या जुन्या जीपची डिस्क तिला सांगायची, "घाट उतरून आले की माझ्यावर पडलेलं पाणी चुरचुरतं." हिला तशी ऊब ठाऊकच नव्हती. उतार लागला की मोटरच गाडीचा वेग ओढून घ्यायची, त्याची वीज करून बॅटरीत भरायची. डिस्कवर गंज चढत होता.

"मला एकदा तरी चाक धरू दे गं," ती म्हणायची.

"तुझी सगळी मेहनत तापून वाऱ्यावर जाते," मोटर म्हणायची. "माझी घरात राहते."

दसऱ्याला द्वारकेने गाडीला झेंडूचा हार घातला. सणाला काही अर्धवट ठेवायचं नाही, म्हणून बॅटरी काठोकाठ भरली आणि सासूबाईंना घेऊन ती निघाली. पहिल्याच उतारावर बॅटरी म्हणाली, "माझ्यात आता जागा नाही." मोटरला वेग आवरेना. वळणापुढे दरी होती.

"डिस्क, तू धर," मोटर कळवळली.

डिस्कने धरलं. गंज खरवडून निघाला. प्रत्येक वळणाला ती तापत गेली. पायथ्याशी गाडी थांबली.

"भाजलं का गं?" मोटरने विचारलं.

"मी निवेपर्यंत बोलू नकोस," डिस्क म्हणाली.

तेव्हापासून द्वारका बॅटरीत थोडी जागा राखते. डिस्क पुन्हा गार असते. फक्त दसऱ्याला हार चढला, की ती बॅटरीला हळूच विचारते, "भरलीस का गं?"